मॉलच्या दारातली तपासणी आणि दारामागची तयारी

गेल्या काही महिन्यांत एका चार मजली मॉलमध्ये माझे तीनदा जाणे झाले. तिथल्या दुकानांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते दहशतवादी हल्ल्यासारख्या प्रसंगासाठी त्या मॉलने काय तयारी ठेवली आहे याविषयी, कारण माझ्यासोबत चाकाच्या खुर्चीवर बसलेले माझे वडील होते आणि सुटीच्या दिवसाच्या गर्दीत त्यांना घेऊन वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर, इथून तातडीने बाहेर पडावे लागले तर काय करायचे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

दर्शनी भागातली व्यवस्था चांगली आहे. रस्ता आणि काचेच्या दर्शनी भिंतीच्या मधे जाड पोलादी खांब रोवलेले आहेत, आणि ते इतक्या अंतरावर आहेत की खुर्ची सहज जाते, पण मोटार गर्दीत घुसवता येणार नाही. दारातल्या तपासणीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. मेटल डिटेक्टरच्या कमानीतून जाताना माझ्या किल्ल्यांमुळे ती वाजली आणि रक्षकाने हातानेच पुढे जाण्याची खूण केली. मी बाजूला उभी राहून पाहिले, तेव्हा माझ्यामागून आलेल्या दहा-बारा जणांपैकी बहुतेकांच्या वेळी कमान वाजली, पण एकालाही थांबवले गेले नाही. यात त्या रक्षकाला दोष देणे मला पटत नाही. दोन माणसांना पुरेल अशा दारात शंभर माणसांची रांग लागली, तर तो तपासणार तरी किती? शिवाय ती ताटकळलेली रांग हीच तपासणीच्या बाहेर उभी असलेली गर्दी असते, याचा विचार दाराची आखणी करताना झालेला दिसत नाही.

रक्षकाच्या हातात यंत्र देण्याइतकेच त्याला शंका बोलून दाखवण्याचे बळ देणे महत्त्वाचे असते. 2017 मध्ये मँचेस्टर अरेनाच्या बाहेर झालेल्या बॉम्बस्फोटात 22 जणांचा बळी गेला. त्याच्या सार्वजनिक चौकशीत पुढे आले की, एका तरुण रक्षकाला हल्लेखोराचा संशय आला होता, पण आपल्यावर वंशद्वेषाचा ठपका बसेल या धास्तीने त्याने त्याला हटकले नाही, आणि रेडिओवरून नियंत्रण कक्षाशी त्याचा संपर्कही होऊ शकला नाही. या मॉलमधल्या एका रक्षकाला मी विचारले की, बेवारस पिशवी दिसली तर तुम्ही काय कराल. ‘साहेबांना विचारू’, असे तो प्रांजळपणे म्हणाला. साहेब जागेवर नसले तर काय, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते.

तळघरातल्या वाहनतळावर गाडीखाली आरसा फिरवतात, पण डिकी उघडायला सांगत नाहीत. बार्सिलोनातल्या इपेरकोर या मोठ्या दुकानाच्या वाहनतळात 19 जून 1987 रोजी बॉम्ब ठेवलेल्या मोटारीचा स्फोट होऊन 21 माणसे मरण पावली. त्याआधी धमकीचे दूरध्वनी आलेले असूनही दुकान रिकामे केले गेले नव्हते. इमारत रिकामी करण्याचा निर्णय कुणी आणि किती मिनिटांत घ्यायचा, हे आधीच ठरलेले असावे लागते ते यासाठीच.

माझी खरी तक्रार दारामागच्या तयारीविषयी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आपत्कालीन जिन्याचे दार मी ढकलले, तर ते हातभर उघडून अडकले. मागे खोक्यांची चळत होती आणि तिच्यावर कपड्यांच्या दुकानातले दोन मोडके पुतळे आडवे टाकलेले होते. वडिलांची खुर्ची तर सोडाच, मला एकटीलाही तिथून अंग चोरूनच जावे लागले असते. अडलेल्या माणसाला जिन्यावरून उतरवण्यासाठीची खास खुर्ची कोणत्याही मजल्यावर नव्हती. त्याच दिवशी ध्वनिवर्धकाची चाचणी झाली, तेव्हा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ उभी असताना मला ‘कृपया’ या शब्दापलीकडे काही कळले नाही.

प्रत्येक मजल्यावर लावलेला नकाशा फक्त आगीसाठी आहे. आग लागली तर सर्वांनी बाहेर पडायचे असते, पण हल्लेखोर नेमका त्याच वाटेवर असेल, तर आत सरकून दार लावून घेणे अधिक सुरक्षित ठरू शकते. नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर 21 सप्टेंबर 2013 रोजी हल्ला झाला, त्यात 67 जणांचा जीव गेला आणि अनेक जण तासन्‌तास दुकानांत लपून राहिल्यामुळे वाचले. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्यात इमारत रिकामी करणे, लोकांना आत सुरक्षित जागी हलवणे, दारे बंद करणे आणि सूचना देणे या चारही गोष्टींच्या कार्यपद्धतीचा वेगवेगळा विचार केलेला आहे. या मॉलने त्यांतल्या पहिलीचाच विचार केला आहे, आणि तोही अर्धवट.

सर्वांत मोलाची माहिती मला मिळाली ती पादत्राणांच्या दुकानातल्या एका तरुण विक्रेतीकडून. तिने गोदामाचे दार उघडून आतली कडी दाखवली, आणि मागची बोळ माल उतरवण्याच्या जागेकडे जाते व तिथे पायरी नाही, म्हणून काकांची खुर्ची त्याच वाटेने न्या, असे सांगितले. हे तिला आधीच्या नोकरीत शिकवले होते. या मॉलने घेतलेल्या रंगीत तालमीला दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बोलावलेच नव्हते, फक्त रक्षकांना बोलावले होते. प्रसंग आलाच, तर पहिल्या काही मिनिटांत ग्राहकाच्या शेजारी असणार ती हीच मुले-मुली.

हृदयाला झटका देणारे यंत्र तळमजल्यावर ठळक जागी आहे, ही समाधानाची बाब. प्रथमोपचाराची पेटी मात्र व्यवस्थापकांच्या कुलूपबंद खोलीत असते आणि तिच्यात रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा नाही. मोठ्या जखमेतून वाहणारे रक्त माणसाला किल्ली सापडेपर्यंतची सवड देत नाही.

हे सर्व मी व्यवस्थापनाला लेखी कळवले. आठवड्याभरात सौजन्यपूर्ण उत्तर आले, आणि तिसऱ्या भेटीत दुसऱ्या मजल्यावरचा जिना मोकळा झालेला, दिव्यांनी उजळलेला दिसला. ध्वनिवर्धक, पेटी आणि दुकानातल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांविषयी उत्तरात एक ओळही नव्हती. मी पुन्हा लिहिले आहे. तोवर चाकाची खुर्ची घेऊन तिथे जाणाऱ्यांनी वर जाण्यापूर्वी माल उतरवण्याच्या जागेकडे जाणारी ती मागची बोळ एकदा स्वतः पाहून ठेवावी.