घरावर वीज अरेस्टर बसवून दोन उन्हाळे झाले, पैसे वसूल का?

परवा भाच्याचा फोन आला, मामा तुम्ही तो अरेस्टर बसवलाय ना, कसा आहे, आम्हाला पण बसवायचाय. त्याला अर्धा तास जे सांगितलं तेच इथं लिहितोय, म्हणजे पुढच्याला परत सांगायला नको. अरेस्टर म्हणजे घरावर पडणारी वीज जमिनीत उतरवणारी सळई आणि तिची पट्टी. मोठं झालंय. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा की वस्तू चांगली आहे, बसवणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आणि ती घर वाचवते, अंगणात उभ्या माणसाला नाही.

आमचं घर लातूर जिल्ह्यात, गावापासून दीड किलोमीटर आत शेतात. स्लॅबचं आहे, चारी बाजूंनी मोकळं रान, आसपास उंच म्हणाल तर आमची पाण्याची टाकी आणि बांधावरचं लिंबाचं झाड. तीन वर्षांमागं एप्रिलात त्या लिंबावर वीज पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सालीचा पट्टा सोलून निघाला, सालीचे तुकडे पार गोठ्यापर्यंत उडाले. आबांनी बैलं थोड्या वेळापूर्वीच पाण्यावर नेली होती म्हणून वाचली, एरवी ती तिथंच बांधलेली असतात. पण घरातला टीव्ही, इन्व्हर्टर, बोअरचा स्टार्टर आणि चार्जिंगला लावलेला माझा फोन हे सगळं एका झटक्यात गेलं. पडली झाडावर आणि टीव्ही घरातला कसा गेला, हे आबांना आजपण पटलेलं नाही. वीज जवळ कुठंही पडली तरी लाइटच्या तारेत, डिशच्या केबलमध्ये विजेच्या दाबाचा एक लोंढा येतो आणि तो घरात घुसतो, असं मी त्यांना दहादा सांगितलं, ते म्हणतात तुझी आत्या पायाळू, ती आली होती म्हणून पडली. आता बोला.

तर मग कोटेशन घेतली, तीन. पहिला आला तो एकदम सुटाबुटात, त्याचं यंत्र म्हणे १०७ मीटर त्रिज्येतली सगळी वीज स्वतःकडं ओढून घेतं, एकच बसवा, घर गोठा सगळं कव्हर, पासष्ट हजार. दुसरा म्हणाला एक सळई, एक जीआय म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, एक अर्थिंगचा खड्डा, बारा हजारात करून देतो. तिसऱ्यानं घर फिरून बघितलं, टाकीची उंची मापली, मीटर कुठं आहे ते विचारलं आणि एकतीस हजार सांगितले. आम्ही तिसरा घेतला. पण पहिल्याला नाही का म्हणालो ते सांगायला वीज पडते कशी ते थोडं सांगावं लागेल, कंटाळा येत असेल तर हा पॅरा सोडा.

एप्रिल-मेत आमच्याकडं दुपारी ४० च्या पुढं पारा जातो, जमिनीलगतची हवा तापून वर निघते, त्याच दिवसांत एकीकडून अरबी समुद्राचं आणि दुसरीकडून बंगालच्या उपसागराचं बाष्प मराठवाडा-विदर्भावर येऊन मिळतं. ही दमट हवा वर जाता जाता गार होते, ढग धरतो, ढग धरताना जी उष्णता सुटते ती त्याला आणखी वर ढकलते, आणि दुपारी दोनला जिथं कापसाचा बोळा दिसत होता तिथं चारला बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा डोंगर उभा असतो. पाच-एक किलोमीटरच्या वर पाणी गोठायला लागतं. तिथं बर्फाचे बारीक कण वाऱ्याबरोबर वर चाललेले आणि गारांची पिल्लं जड म्हणून मागं राहिलेली, ती एकमेकांवर आपटतात, घासतात. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. हे फार साठलं की वाट फोडतंच, ढगातल्या ढगात नाहीतर जमिनीकडं. जमिनीकडं येणारी वीज एका दमात येत नाही, पन्नास-पन्नास मीटरच्या उड्या घेत, फाटे फोडत येते, आणि अगदी जवळ आली की खालच्या उंच टोकदार वस्तूंमधून, झाड म्हणा टाकी म्हणा माणूस म्हणा, एकेक ठिणगी वर निघते. ज्याची ठिणगी आधी भेटली त्याच्यावर पडली.

म्हणजे वीज खाली येताना अगदी शेवटच्या टप्प्यात ठरवते कुठं पडायचं. सळईचं काम एवढंच की आपली ठिणगी आधी पाठवायची आणि मग आलेल्या विजेला जमिनीत जायला जाड, सरळ वाट द्यायची. लांबून ओढणं हे तिचं काम नाही, आणि ढगातली वीज रिकामी करणं तर नाहीच. ते १०७ मीटरवालं यंत्र फ्रान्सच्या एका मानकावर विकतात, आपल्याकडचं जे मानक आहे आयएस/आयईसी ६२३०५ ते असली वाढीव त्रिज्या धरतच नाही. साध्या सळईचा ढोबळ हिशोब असा की जमिनीपासून ती जेवढी उंच साधारण तेवढ्याच अंतराचा गोल तिच्या सावलीत येतो. आमचा गोठा त्यात अर्धाच बसतो, हे मला तिसऱ्यानं आधीच सांगितलं, म्हणूनच त्याच्यावर भरवसा बसला.

आणि तिथंच चुकलो, कारण सांगणारा माणूस वेगळा आणि काम करायला आलेली पोरं वेगळी. टाकीच्या वर तीन मीटरचा पाइप, त्यावर पाच टोकांचा तांब्याचा त्रिशूळ, तिथून दोन बाजूंनी पट्ट्या खाली आणि दोन खड्डे, असं ठरलं होतं. त्रिशूळ झकास बसवला. पट्टी मात्र कठड्यावरून आणताना काटकोनात मोडून, परत वर घेऊन, परत खाली अशी आणली, दिसायला नीट दिसतं म्हणून. विजेला असली वळणं आवडत नाहीत, अरुंद वळण आलं की ती पट्टी सोडून शेजारच्या भिंतीत, पाइपात उडी मारते. दुसरं म्हणजे डिशची केबल लोंबत होती ती एका पोरानं मोठ्या हौसेनं त्याच पट्टीला बांधून टाकली!! म्हणजे वीज थेट टीव्हीत आणायची सोय. तिसरं, घराची अर्थिंग आणि या पट्टीची अर्थिंग जोडलीच नाही, दोन्ही वेगळ्या राहिल्या तर वीज पडताना दोघींच्या दाबात फरक पडतो आणि ठिणगी घरातच उडते. आणि कागदावर लिहिलं काय तर अर्थ रेझिस्टन्स, म्हणजे जमिनीत शिरताना विजेला होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा, तो २ ओहम. मोजायचं मशीन कुणी आणलंच नव्हतं.

हे सगळं मला कधी कळलं, तर तालुक्याच्या ठिकाणी एक ओळखीचे रिटायर वायरमन आहेत, ते जेवायला आले होते, गच्चीवर गेले आणि हसायलाच लागले. त्यांनी अर्थ टेस्टर आणून मोजलं तर १४ आला, दहाच्या आत पाहिजे. कंत्राटदाराला फोन केला, चार वेळा केला, पाचव्याला आला. मान्य करतो की आल्यावर हुज्जत न घालता पट्टी मोठ्या वळणानं सरळ करून दिली, केबल सोडवली, दोन्ही अर्थिंग जोडल्या, मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारेतून येणारा तो दाबाचा लोंढा जमिनीत वळवणारा डबा, बसवला, त्याचे साडेचार हजार वेगळे. हा प्रोटेक्टर नसेल तर नुसत्या त्रिशूळाचा टीव्हीला काही उपयोग नाही, हे भाच्याला तीनदा सांगितलं, तुम्हाला एकदा सांगतो.

काळ्या रानात घर असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम, पण एप्रिल-मेत ती भेगाळते, खड्ड्यात गाडलेल्या इलेक्ट्रोडपासून (अर्थिंगच्या सळईपासून) सुटते, आणि नेमकी वळवाची वीज त्याच दिवसांत. त्यामुळं फेब्रुवारीपासून दर आठवड्याला दोन्ही खड्ड्यांत दोन-दोन घागरी पाणी ओततो. मागच्या मे महिन्यात परत मोजलं, ६ आला.

आता मागच्या मेचीच गोष्ट, जिच्यामुळं मी हे लिहायला बसलो. दुपारी साडेतीन, घामाच्या धारा, मग एकदम वारं थांबलं, पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं आणि पाच मिनिटांत थंडगार वाऱ्याचा झोत धुरळा घेऊन आला. उन्हाळ्यात असा गार वारा अंगावर आला की लोक म्हणतात बरं वाटलं, पण तो त्या ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेल्या हवेचा पुढचा काठ असतो, म्हणजे ढग दारात आलाय. फोनवर दामिनीचा अलर्ट त्याच्या आधीच वाजला होता. दामिनी म्हणजे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं फुकट ॲप, आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या गोलात वीज पडतेय का ते दाखवतं. लोकेशन आणि नेट चालू पाहिजे एवढीच अट, घ्याच.

आई गच्चीवर वाळवणाच्या कुरडया गोळा करायला निघाली, तिला खाली ओढलं. आबा कुठं बघतो तर बाहेर ओसरीच्या कोपऱ्यात बाज टाकून पडलेले, आणि बाज नेमकी त्या खाली आलेल्या पट्टीला चिकटून.

"आबा, आत चला की."

"अरेस्टर बसवलाय ना एवढे पैसे घालून, आता काय होतंय!"

एकतीस हजार अधिक साडेचार हजार देऊन मी त्यांना विजेच्या वाटेवर झोपायला जागा करून दिली होती. वीज त्रिशूळावर पडली तर ती त्याच पट्टीतून जाणार, पट्टीपासून निदान तीन मीटर लांब राहायचं असतं, हे बसवणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि मीपण घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना आत घेतलं, दोनच मिनिटांत असा कडकडाट झाला की भांडी वाजली. आमच्यावर पडली का शेजारच्या रानात ते कळायला काउंटर, म्हणजे पट्टीतून वीज गेली की आकडा वाढवणारं यंत्र, नाही, तो जास्तीचा खर्च होता म्हणून नाही घेतला. घरातलं काही जळलं नाही. पण दोन उन्हाळ्यांत काही जळलं नाही म्हणजे अरेस्टर चालला असं मी छातीठोक सांगणार नाही, कदाचित पडलीच नसेल.

तेव्हापासून घरात नियम. लखलखलं की मोजायचं, आवाज यायला तीन सेकंद लागले की एक किलोमीटर, तीसच्या आत आवाज आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर पडायचं नाही. आत म्हणजे पक्क्या घरात, नाहीतर काचा लावलेल्या गाडीत. शेतातलं उघडं पत्र्याचं शेड पाऊस अडवतं, वीज नाही. नळाखाली अंघोळ, भांडी घासणं, चार्जिंगला लावून फोनवर बोलणं बंद. नुसता हातातला मोबाईल वीज ओढत नाही, त्याची भीती काढून टाका. रानात अडकलात आणि जवळ काहीच नसेल तर झाडापासून लांब व्हायचं, एकमेकांपासून पण लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. पाय जुळवून का, तर पडलेली वीज जमिनीत पसरते, जवळ दाब जास्त लांब कमी, पायांत जेवढं अंतर तेवढा फरक अंगातून जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत केवढं अंतर असतं बघा, म्हणून एका झाडाखाली पाच-पाच जनावरं एकदम जातात.

आणि कुणावर पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, दुसऱ्यानं १०८ लावायचा. शेणात पुरणं वगैरेत वेळ घालवू नका, आमच्याकडं अजून करतात. एनसीआरबीच्या, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची आणि अपघाती मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या आकड्यांत २०२२ साली देशभरात विजेनं २,८८७ माणसं गेली, आणि बातम्या वाचल्या तर बहुतेक जण रानात, झाडाखाली, नाहीतर जनावरं आणायला गेलेले. त्यांतल्या किती जणांच्या घरावर अरेस्टर होता यानं काय फरक पडला असता सांगा.

स्टार द्यायचे तर वस्तूला चार, बसवण्याला दोन, दुरुस्त करून दिलं म्हणून अडीच. शेतात एकटं घर असेल, टाकी उंच असेल तर बसवा. गावात दाटीत राहता आणि शेजारी मोबाईल टॉवर आहे तर आधी नुसता सर्ज प्रोटेक्टर आणि चांगली अर्थिंग करून घ्या, आठ-दहा हजारात होतं. पैसे देण्याआधी मशीन लावून ओहम समोर मोजून घ्या, आणि पट्टी खाली येते तिथं कुणी बसणार नाही अशी बाजू आधीच ठरवा. आम्ही आता तिथं काटेरी निवडुंगाच्या तीन कुंड्या ठेवल्यात. आबांची बाज दुसऱ्या कोपऱ्यात गेलीय, तिथं म्हणे वारा लागत नाही.