पोकेमॉन रेड: काही महिने खेळून झाल्यावर

निन्टेन्डोच्या गेम बॉयवरचा पोकेमॉन रेड घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळे पोकेमॉन गोळा करायचे तर एका कार्ट्रिजमध्ये हा गेम पुरा होत नाही, आणि तो तसा व्हावा अशी बनवणाऱ्यांची इच्छाही नव्हती.

हिशेब मांडून बघा. यादीत १५१ पोकेमॉन. त्यातला म्यू अधिकृतपणे फक्त निन्टेन्डोच्या कार्यक्रमांतून वाटला गेला, म्हणजे राहिले १५०. रेडचा जोडगेम असलेल्या ब्ल्यूमध्येच सापडणारे ११ वजा केले की १३९. गेममधले प्रोफेसर ओक सुरुवातीला तिघांतला एकच देतात, बाकी दोघांच्या कुळातले सहा गेले. जीवाश्म दोनातून एक निवडायचं, दुसऱ्याचे दोन गेले. हिटमनली आणि हिटमनचॅन यांतला एक गेला. ईवी एकच मिळतो आणि त्याची पुढची रूपं तीन, तिथे आणखी दोन गेले. उरले १२८. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर हे चौघे केबलने दुसऱ्या कार्ट्रिजशी अदलाबदल केल्याशिवाय पुढच्या रूपात जात नाहीत. म्हणजे एकट्याने कितीही डोकं आपटलं तरी १२४ च्या पुढे जाता येत नाही.

जपानमध्ये रेड आणि ग्रीन २७ फेब्रुवारी १९९६ ला आले. अमेरिकेत रेड आणि ब्ल्यू २८ सप्टेंबर १९९८ ला, युरोपात त्यानंतर वर्षभराने. बाहेर आलेल्या या जोडीत चित्रं आणि मूळ बांधणी जपानमध्ये नंतर निघालेल्या वेगळ्या ब्ल्यूची आहे, पण कोणत्या कार्ट्रिजमध्ये कोण सापडणार ही वाटणी जपानी रेड-ग्रीनची. त्यामुळे जपानी ब्ल्यूच्या याद्या समोर ठेवून इंग्रजी ब्ल्यूमध्ये शोध घेतला तर हाती काही लागत नाही. जपानी आणि इंग्रजी कार्ट्रिज केबलने जोडू तर अजिबात नका, दोन्हीकडचा सेव्ह बिघडतो.

केबलचंही बघून घ्या. पहिल्या जाड गेम बॉयचं भोक मोठं आहे, पॉकेट आणि कलरचं लहान. दोन वेगळ्या पिढ्यांची यंत्रं जोडायची तर मध्ये अॅडॉप्टर लागतो. गेम बॉय अॅडव्हान्स आणि एसपीवर हे कार्ट्रिज चालतं, पण केबल मात्र कलरचीच लावायची. अॅडव्हान्सच्या स्वतःच्या केबलवर जुने गेम बोलत नाहीत. निन्टेन्डो डीएस आणि गेम बॉय मायक्रोमध्ये तर कार्ट्रिजच बसत नाही. अदलाबदल चालू असताना केबल हलली किंवा कुणी यंत्र बंद केलं, तर पोकेमॉन एकाकडून गायब होतो किंवा दोघांकडेही तोच उरतो. मुलं हे दुसरं मुद्दाम करायची, पण त्यात पहिलं घडण्याचा धोका तेवढाच असतो.

आता बॅटरी. जुनं कार्ट्रिज घेणाऱ्याचं खरं दुखणं इथे आहे. सेव्ह साठतो ३२ किलोबाइटच्या रॅममध्ये, आणि ती रॅम जागी ठेवते तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी. रेड-ब्ल्यूमध्ये बहुधा सीआर १६१६ असते, तरी उघडून तिच्यावरचा आकडा वाचूनच नवी आणा. ती संपली की गेम नेहमीसारखा सुरू होतो, फक्त ‘कंटिन्यू’ दिसत नाही, थेट ‘न्यू गेम’. या गेममध्ये घड्याळ नसल्यामुळे बॅटरी पुढच्या गोल्ड-सिल्व्हरपेक्षा जास्त टिकते, पण वयाचा इलाज नाही.

बदलायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट पेचकस लागतो, साधा चालत नाही. स्क्रू काढा, पुढचं झाकण खाली सरकवून उचला. बोर्डावर अधिक-उणे छापलेलं आहे, जुनी काढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. नवी बॅटरी पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली मिळते तीच घ्या. नुसत्या बॅटरीला सोल्डरिंग आयर्न लावलं तर ती तापून निकामी होते, क्वचित फुटतेही. चिकटपट्टीने दाबून बसवलेली बॅटरी आठवडाभर चालते, मग खिशात एक धक्का लागला की सेव्ह गेला. बॅटरी निघाली त्या क्षणी जुना सेव्ह जातो, म्हणून तो हवा असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने संगणकावर उतरवून घ्या.

बनावट ओळखायची खूण तोंडाशीच आहे. पिनांच्या वर बोर्डाच्या कडेला ‘निन्टेन्डो’ छापलेलं दिसलं पाहिजे. लेबलवर अमेरिकन रेडचा क्रमांक डीएमजी-एपीएई-यूएसए आणि ब्ल्यूचा डीएमजी-एपीईई-यूएसए असतो, शिवाय लेबलवर दोन आकड्यांचा ठसा कागदात दाबलेला असतो, तो तिरका धरला की दिसतो. सुरू करताना निन्टेन्डोच्या नावाऐवजी काळा ठोकळा खाली उतरला तर घाबरू नका. यंत्र कार्ट्रिजमधलं बोधचिन्ह वाचून पडताळतं, पिना मळल्या की ते वाचता येत नाही. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, वाळू द्या. फुंकर मारल्याने थुंकीतला ओलावा आत जातो, बाकी काही साधत नाही.

खेळायला बसल्यावर पहिल्यांदा ऑप्शनमध्ये जाऊन टेक्स्ट ‘फास्ट’ करा. मूळ वेगाने वाक्यं उमटत राहिली तर लढाया नको होतात. गेम बॉय कलरवर रेडला लालसर छटा आपोआप लागते. ती डोळ्यांना टोचत असेल तर सुरुवातीचं नाव दिसत असताना डावी दिशा आणि बी एकत्र दाबा, चित्र करडं होतं.

चारमँडर घेतलेल्यांना पहिल्याच जिममध्ये तिथला प्रमुख ब्रॉक भारी पडतो. त्याचा ऑनिक्स १४ लेव्हलचा, आणि दगडावर आगीचा जोर चालत नाही. व्हिरिडियन जंगलात कॅटरपी पकडा, दहाव्या लेव्हलला त्याचा बटरफ्री होतो आणि बाराव्याला कन्फ्यूजन शिकतो, तेवढ्यात काम होतं. फक्त रेडमध्ये कॅटरपी कमी आणि वीडल जास्त दिसतो, तेव्हा थोडं फिरावं लागेल.

लढाईत पडद्यावर जे लिहिलंय त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. क्रिटिकल हिट, म्हणजे जादा जोराचा मार, इथे नुसत्या नशिबावर नाही, त्या जातीच्या मूळ वेगावर ठरतो. वेगाला ५१२ ने भागा, तेवढी शक्यता. इलेक्ट्रोडला साधारण २७ टक्के, स्लोब्रोला जेमतेम सहा. स्लॅशसारख्या चालींना हाच आकडा आठपट होतो, म्हणजे ६४ किंवा त्याहून जास्त वेगाच्या कुणीही स्लॅश मारला की जवळपास दरवेळी क्रिटिकल. रेडमध्ये डगट्रिओ आणि चारिझार्ड दोघेही यात बसतात. उलट फोकस एनर्जी वापरलीत तर क्रिटिकलची शक्यता वाढायच्या ऐवजी चौथाईवर येते. ही सरळ सरळ प्रोग्रामची चूक आहे. शंभर टक्के नेमाची चालही २५६ पैकी एकदा हुकते, कारण तुलना ‘पेक्षा कमी’ अशी केली आहे, ‘तेवढी किंवा कमी’ अशी नाही.

सायकिक प्रकाराचा तर या गेममध्ये राजेशाही थाट. घोस्टची लिक चाल त्यांच्यावर चालायला हवी, पण परिणाम शून्य ठेवलाय. उरतात किड्यांच्या चाली, आणि त्यातल्या मार देणाऱ्या आहेत तीनच, तिन्ही मरतुकड्या. त्यात ट्विनीडल शिकणारा बीड्रिल स्वतः पॉयझनचा, म्हणजे सायकिकपुढे आधीच आडवा. सायकिकांतला कडाब्राचं पुढचं रूप असलेला अॅलकझॅम हवा असेल तर पुन्हा केबल शोधा.

शत्रूचं डोकंही बघण्यासारखं आहे. काही ट्रेनर चाल निवडताना तिचा प्रकार समोरच्यावर भारी आहे का एवढंच बघतात, तिने मार बसतो का हे बघत नाहीत. शेवटच्या एलिट फोर या चौघा ट्रेनरांतल्या लान्सच्या शेवटच्या ड्रॅगनाइटसमोर पॉयझनचा पोकेमॉन उभा केला की तो अॅजिलिटी आणि बॅरियर या दोन सायकिक चालीच करत बसतो. स्वतःचा बचाव वाढवतो, हल्ला करत नाही. व्हीनसॉरवाल्यांनी हे मुद्दाम करून बघावं.

बॅगेत २० जागा, त्यात सायकलपासून एचएमपर्यंत (वाट मोकळी करणाऱ्या चाली शिकवणारी यंत्रं) सगळं मोजलं जातं. जहाजाचं तिकीट वापरून झालं की पीसीत टाका. एचएमची चाल एकदा शिकवली की पुसता येत नाही, म्हणून कट आणि फ्लॅश आवडत्या पोकेमॉनला कधीच देऊ नका. पकडलेले पोकेमॉन ठेवायचे बॉक्स बारा, प्रत्येकी २० जागा, पण भरलेला बॉक्स आपोआप बदलत नाही. एकदाच भेटणाऱ्या झॅपडॉससमोर उभं राहून ‘बॉक्स भरला’ वाचायचं नसेल तर पॉवर प्लांटला जाण्याआधी बिलच्या पीसीवर बॉक्स बदलून घ्या.

रेड की ब्ल्यू? गेममधल्या जुगारखान्यात पोरीगॉन रेडमध्ये ९९९९ नाण्यांना, ब्ल्यूमध्ये ६५०० ना. गेममधल्या पैशांत हजाराला ५० नाणी या दराने विकतच घेतली तर रेडमध्ये जवळजवळ दोन लाख लागतात, तेही दरवेळी तोच संवाद वाचत. माझं मत म्हणून ब्ल्यूकडे झुकतं, पण ग्रोलिथ आणि सायदर हवे असतील तर रेडला पर्याय नाही.

शेवटी म्यू. अॅब्राला टेलिपोर्ट (शेवटच्या पोकेमॉन सेंटरला परत नेणारी चाल) येत असेल तर कार्यक्रमाशिवायही तो मिळतो. सेरुलियन शहराच्या पोकेमॉन सेंटरमध्ये उपचार करून सेव्ह करा. नगेट ब्रिजच्या पश्चिमेला गवतात उभ्या असलेल्या, न लढलेल्या ट्रेनरच्या नजरेत येण्याच्या पावलावरच स्टार्ट दाबा आणि टेलिपोर्ट करा. मग २५ नंबरच्या रस्त्यावरच्या स्लोपोकवाल्या मुलाशी लढा, पण तो निदान एक पाऊल चालत तुमच्याकडे आला पाहिजे, नाहीतर गेम अडकतो. पुन्हा टेलिपोर्ट करून पुलाकडे चाला, मेनू आपोआप उघडेल, बी दाबा. सातव्या लेव्हलचा म्यू समोर येतो. या दोन ट्रेनरपैकी एकाशीही आधी लढून झालं असेल तर ही वाट बंद. ३डीएसवर २०१६ साली आलेल्या आवृत्तीतही हेच चालतं, पण असा म्यू पोकेमॉन बँक (पोकेमॉन साठवायची ऑनलाइन सेवा) घेत नाही.