ऋतू आणि रंगांचा प्रयोगसंच: कल अचूक, दिवा मात्र फार जवळ

ऋतू का बदलतात आणि काळा पृष्ठभाग पांढऱ्यापेक्षा लवकर का तापतो, हे दोन्ही विषय एकाच पेटीत मांडणारा हा शालेय प्रयोगसंच घेण्याजोगा आहे. मात्र त्यातला दिवा वापरताना सावध राहावे लागते. पेटीत २३.५ अंशांनी कललेल्या आसावरचा पृथ्वीगोल, स्टँडचा दिवा, चौकटी आखलेली पाटी आणि मागे तापमापी खोचता येईल अशा काळ्या व पांढऱ्या पत्र्याच्या पट्ट्या मिळतात.

यांपैकी मला सर्वाधिक आवडली ती पाटी. अरुंद झोत तिच्यावर सरळ पडतो तेव्हा जेवढ्या चौकटी उजळतात, त्याच्या दुप्पट चौकटी पाटी ६० अंशांनी कलती केल्यावर उजळतात आणि प्रत्येक चौकट स्पष्टपणे फिकी पडते. हिवाळ्यातले तिरपे ऊन कमी का तापवते, हे यापेक्षा सोप्या रीतीने दाखवणे कठीण आहे.

गोलाच्या प्रयोगात मात्र घोटाळा होतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ असते आणि जुलैत सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर जाते, हे पुस्तिकेत बरोबर दिले आहे. त्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा जवळिकीमुळे येत नाही, हे वाचणाऱ्याला पटते. पण दिवा हातभर अंतरावर ठेवायला सांगितल्याने दिव्याकडे झुकलेला गोलार्ध खरोखरच त्याच्या जवळ येतो, त्या जवळिकीनेही तापतो आणि पुस्तिकेने खोडलेला गैरसमज प्रयोगातून पुन्हा मनात रुजतो. दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा, त्यावर दिवसरात्रीची लांबी तेवढी पाहावी आणि तापमान मोजायचे असेल तर उन्हात जावे.

पट्ट्यांनाही ऊनच हवे. या जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांतून येते आणि डोळ्यांना पांढरा दिसणारा रंग ते किरण परतवतोच असे नाही. उन्हात दृश्य प्रकाशाचा वाटा बराच मोठा असल्याने तिथे काळ्या पट्टीचा पारा पांढरीला झपाट्याने मागे टाकतो.

खरी उणीव अशी की कल आणि रंग हे विषय पुस्तिकेत कुठेच एकत्र येत नाहीत. जूनमधल्या अयनदिनी, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला चोवीस तासांत विषुववृत्तापेक्षा जास्त सौरऊर्जा मिळते, तरीही तिथे गारठा टिकून राहतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतो, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के परतवतो, म्हणून समुद्रावरचा बर्फ वितळला की पाणी आणखी तापते आणि आणखी बर्फ वितळतो. गोलाच्या ध्रुवावर बसवता येईल अशी एक पांढरी टोपी आणि एक गडद टोपी दिली असती, तर हे सारे याच संचातून दाखवता आले असते. शिक्षकांनी तूर्त त्या कागदाच्या कराव्यात.