गिटहबचं प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग: छोट्या मेंटेनरचा अनुभव
गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, माझी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे, फाइल अपलोडची; तिचा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, मीच. मागे एकाने त्यातला पाथ ट्रॅव्हर्सलचा बग (ज्यातून सर्व्हरवरच्या नको त्या फाइलपर्यंत पोचता येतं) थेट पब्लिक इश्यूत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या तक्रारीत टाकला, एक्स्प्लॉइटच्या, म्हणजे हल्ला करून दाखवणाऱ्या कोडसकट, आणि मी नेमका लग्नाला गावी, रेंजची एकच काडी, रात्री दोनला ओसरीवर बसून पॅच केला. त्याचा दोष नाही, कुठे कळवायचं हे मीच लिहून ठेवलं नव्हतं.

मग प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग, म्हणजे सुरक्षेतली त्रुटी खाजगीत कळवायचं गिटहबचं फीचर, चालू केलं. २०२३ पासून सगळ्या पब्लिक रेपोंना (सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या प्रोजेक्टना) मिळतं, तेही फुकट. सेटिंगमध्ये एक बटण, बस. रिपोर्ट फक्त मेंटेनरला आणि कळवणाऱ्याला दिसतो, तिथेच चर्चा, तिथेच प्रायव्हेट फोर्कमध्ये (कोडच्या खाजगी प्रतीत) फिक्स, सीव्हीई नंबरही (त्रुटीचा जगभर चालणारा ओळख क्रमांक) तिथूनच मागायचा. कळवणाऱ्याला क्रेडिट देता येतं हे मला सगळ्यात आवडलं, स्वतःचा वेळ घालून बग शोधणाऱ्याला तेवढं तरी मिळायलाच हवं ना!

खटकतं एकच, त्या प्रायव्हेट फोर्कवर सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी सोय) चालत नाही, त्यामुळे टेस्ट आपल्या मशीनवर चालवूनच मर्ज करा. आणि हे आपोआप चालू नसतं बरं का, आजच जाऊन चालू करा, सोबत सिक्युरिटी डॉट एमडी फाइलमध्ये (त्रुटी कुठे, कशी कळवायची ते सांगणारी फाइल) किती दिवसांत उत्तर देणार तेही लिहा.