रास्पबेरी पाय: सेटिंग कार्डवर आधीच भरायचं की स्क्रीन जोडून?

नेरुळच्या आमच्या घरी पहिला रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक, लावला, तेव्हा वाय-फायचा पासवर्ड सहा वेळा टाकला आणि सहाही वेळा तो चुकीचा ठरला. पासवर्ड बरोबर होता, फक्त त्यात @ होता. पाय ब्रिटनचा, म्हणून त्याची सिस्टिम कीबोर्डही ब्रिटिश मांडणीचा धरून चालते. आपल्याकडे दुकानात मिळतात ते बहुतेक अमेरिकन मांडणीचे. त्यामुळे शिफ्ट धरून 2 दाबलं की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं, 3 वर पाउंड येतो. पासवर्डच्या जागी अक्षरं दिसत नाहीत, मग चूक कळणार कशी?

म्हणूनच नव्या माणसाला मी पायचं मेमरी कार्ड, ज्यावर त्याची सिस्टिम असते, आधी भरायला सांगते. इमेजरमध्ये, म्हणजे कार्डवर सिस्टिम लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये, कार्ड लिहायच्या आधी युजरचं नाव, वाय-फाय, टाइमझोन, कीबोर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून पाय चालवायची सोय) सगळं भरता येतं, तेही स्वतःच्या लॅपटॉपवर, सवयीच्या कीबोर्डवरून. कीबोर्डच्या यादीत 'यूएस' निवडा. भारत म्हणून नुसतं 'इंडियन' घेतलंत तर देवनागरी मांडणी येते आणि लॉगिनच अडतं. खोट एकच: वाय-फायच्या नावात एक अक्षर चुकलं तर पाय नेटवर्कवर दिसतच नाही, आणि का दिसत नाही हे सांगायला समोर स्क्रीन नसतो. कार्ड काढून पुन्हा लिहावं लागतं.

स्क्रीन जोडून केलं तर चूक डोळ्यांसमोर असते. पण पाय 4 आणि 5 ला मायक्रो एचडीएमआय लागते, झीरो या छोट्या मॉडेलला मिनी, शिवाय कीबोर्डसाठी ओटीजी अडॅप्टर. एकदाच वापरायच्या वायरींवर पैसे घालणं मला पटत नाही. त्या आधीच घरात असतील तर हा मार्ग उत्तम, फक्त क्रम सांभाळा: रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्राममध्ये आधी कीबोर्ड, मग वाय-फायचा देश आणि शेवटी पासवर्ड. देश निवडेपर्यंत वाय-फाय बंदच राहतं.

कार्डवर हाताने वाय-फायची फाइल (wpa_supplicant.conf) ठेवायची जुनी युक्ती मात्र विसरा. ऑक्टोबर 2023 च्या बुकवर्म या सिस्टिमच्या आवृत्तीपासून सगळं नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम बघतो, ती फाइल तो वाचत नाही. एप्रिल 2022 पासून तयार 'पाय' युजरही मिळत नाही.

राउटर जवळ असेल तर केबलच लावा. पासवर्डचा प्रश्नच मिटतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बहिणीकडे वाय-फायची यादी उघडली की शेजारपाजारची नावं संपता संपत नाहीत. तिच्याकडचा झीरो 2 डब्ल्यू फक्त 2.4 गीगाहर्ट्झवर चालतो, त्याला 5 वालं नेटवर्क दिसतच नाही, आणि लॅनचं पोर्टही नाही. तिने पाय 4 घेतला असता तर दोन्ही मिळालं असतं.

राहिला पायचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी. लाइट जाऊन आली की राउटर पायला कधी कधी नवाच आयपी देतो. पायमध्ये आयपी पक्का करता येतो, पण राउटर बदलला आणि नव्याची आयपींची मालिका वेगळी निघाली की पाय हाताशी लागत नाही. त्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्ये पायच्या मॅक ॲड्रेससाठी (प्रत्येक उपकरणाचा ठरलेला क्रमांक) आयपी राखून ठेवा. बहिणीकडे आम्ही तेच केलं आणि त्या मॅकची चिठ्ठी झीरोच्या डबीवर चिकटवली आहे.