क्रोन्स: तेवढा तुकडा काढायचा की बायोलॉजिक सुरू करायचं?

क्रोन्स म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणि व्रण आणणारा दीर्घकाळचा आजार. एमआर एन्टरोग्राफीच्या (आतड्याच्या एमआरआय तपासणीच्या) रिपोर्टात 'टर्मिनल आयलियम' असं लिहिलंय, म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक. पुढे सूज किती सेंटिमीटर आहे त्याचा आकडा आहे. स्टेरॉइडने बरं वाटतं, डोस उतरवला की उजव्या कुशीत खाली पुन्हा कळ आणि जुलाब. डॉक्टर म्हणतात, आता बायोलॉजिक, म्हणजे सूज आणणाऱ्या प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन, सुरू करू. घरात एखादी आत्या विचारते, "तेवढाच तुकडा खराब आहे, तर काढून का नाही टाकत?" आणि सगळे तिला गप्प करतात. मला विचाराल तर आत्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि पोटविकारतज्ज्ञ व सर्जन दोघांपुढेही तो मांडायला हवा.

त्याआधी एक गाठ सोडवावी लागते, ती आपल्याकडे फार महत्त्वाची. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघांनाही हीच जागा प्रिय. बायोप्सीतून निकाल लागेलच असं नाही, म्हणून कित्येकांना आधी टीबीच्या गोळ्या देऊन पाहतात आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. ही दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नका. टीबीच्या गोळ्यांवर क्रोन्सच्या माणसालाही काही दिवस बरं वाटू शकतं, पण आतले व्रण सहसा भरत नाहीत. 'बरं वाटतंय' यावर विसंबून सहा-नऊ महिने गोळ्या खाल्ल्या, तर तेवढ्या काळात आतडं आक्रसत जातं.

आता मुख्य तुलना. यावर एक नेमका अभ्यास आहे, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधला, 'लिरिक' नावाचा. त्यात 143 रुग्ण होते. नेहमीच्या औषधांना दाद न दिलेले, आयलियमचा 40 सेंटिमीटरपेक्षा कमी भाग सुजलेला, पण आतडं अजून अरुंद न झालेलं. निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक दिलं, निम्म्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून तो भाग काढला. 2017 साली आलेला निकाल असा की वर्षअखेर दोन्ही गटांचं जगणं जवळपास सारखंच सुधारलं होतं. 2020 मध्ये साधारण पाच वर्षांचा पाठपुरावा छापून आला, तो मला जास्त बोलका वाटतो. इन्फ्लिक्सिमॅब गटातल्या 48 टक्के लोकांचं ऑपरेशन पुढे झालंच. शस्त्रक्रिया गटातल्या 26 टक्क्यांना नंतर बायोलॉजिक लागलं, दुसरं ऑपरेशन मात्र एकालाही लागलं नाही.

यावरून 'ऑपरेशनच करा' असा अर्थ काढू नका. क्रोन्स कापून जात नाही. काढलेल्या जागी जो जोड घालतात, तिथेच तो पुन्हा डोकं वर काढतो, आणि पोट दुखायच्या कितीतरी आधी. म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी करून जोड बघतात आणि त्यावर पुढचं औषध ठरवतात. 'ऑपरेशन झालं, आता सुटलो' म्हणणारा पेशंट हीच तपासणी टाळतो. शिवाय आयलियमचा मोठा भाग, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या पुढे, गेला तर बी-12 शोषायला जागा उरत नाही आणि इंजेक्शनं जन्माची लागू शकतात. पित्तरसामुळे पातळ जुलाब होतात. त्यावर पावडरचं औषध आहे, पण ते मागून घ्यावं लागतं, कारण बरेच जण 'ऑपरेशननंतर एवढं चालायचंच' म्हणून सांगतच नाहीत. जोड गळण्याचा धोका असतो, आणि स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असताना किंवा वजन फार उतरलेलं असताना तो वाढतो. तेव्हा शस्त्रक्रिया ठरलीच तर आधीचे काही आठवडे खाणं आणि वजन सुधारण्यात घालवले तर ते वाया जात नाहीत. ऑपरेशनचा एक फायदा मात्र आपल्याकडे जास्त मोलाचा: काढलेला अख्खा तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो, आणि टीबी की क्रोन्स हा घोळ मिटण्याची शक्यता चिमूटभर बायोप्सीपेक्षा खूप जास्त.

बायोलॉजिकच्या बाजूला दोन नावं जास्त ऐकू येतील. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, दवाखान्यात. पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. डोस वजनावर, किलोमागे 5 मिलिग्रॅम. बाटली 100 मिलिग्रॅमची. म्हणजे 60 किलोच्या माणसाला तीन बाटल्या आणि 65 किलोच्या माणसाला हिशेबाने चौथी फोडावी लागते, त्यामुळे खर्चाचा अंदाज घेताना आजचं वजन धरू नका, तब्येत सुधारल्यावरचं धरा. अ‍ॅडालिमुमॅब पोटावर किंवा मांडीवर घरीच टोचायचं: 160, दोन आठवड्यांनी 80, मग दर पंधरवड्याला 40 मिलिग्रॅम. ते फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, गोठू द्यायचं नाही. ज्या गावात उन्हाळ्यात तासन्‌तास वीज जाते, तिथे ही गोष्ट किरकोळ नाही. भारतात 2014 पासून या दुसऱ्या औषधाची इथेच बनलेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं, मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त.

विम्यात दोघांची गोष्ट वेगळी. दवाखान्यातलं सलाइन डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात असे उपचार) म्हणून बसू शकतं, घरी टोचलेलं इंजेक्शन बहुतेक पॉलिसी ओपीडी समजतात. अशा इंजेक्शनांवर पॉलिसीत वेगळी मर्यादाही असू शकते. पहिल्या डोसच्या आधी लेखी विचारा.

टीएनएफ नावाच्या ज्या प्रथिनाला ही दोन्ही औषधं अडवतात, तेच प्रथिन शरीरात दबलेल्या टीबीला कोंडून ठेवायच्या कामात असतं. म्हणून आधी छातीचा फोटो आणि टीबीसाठीची मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी. सुप्त टीबी निघाला तर प्रतिबंधक औषध आधी, बायोलॉजिक साधारण महिन्यानंतर. तपासणी कोरी आली तरी पुढे ताप, खोकला, रात्रीचा घाम अंगावर काढायचा नाही. गरोदरपणात ही इंजेक्शनं बहुधा चालू ठेवतात, पण मग बाळाला जन्मताच बीसीजी, म्हणजे टीबीची जिवंत लस, टोचायची नसते. आपल्याकडे नर्स सवयीने टोचून मोकळी होते, म्हणून प्रसूतीच्या कागदावरच ठळक लिहून घ्या.

सोबत अ‍ॅझाथायोप्रीन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळीही घ्यायची का? 2010 च्या 'सॉनिक' अभ्यासात 26 आठवड्यांनी स्टेरॉइडविना बरे असलेले लोक इन्फ्लिक्सिमॅब अधिक अ‍ॅझाथायोप्रीनवर 56.8 टक्के, एकट्या इन्फ्लिक्सिमॅबवर 44.4 आणि एकट्या अ‍ॅझाथायोप्रीनवर 30 टक्के होते. एकटी गोळी स्वस्त, पण बरीच कमी पडते. सुरू करण्याआधी 'एनयूडीटी-15' ही जनुक तपासणी मागा. त्यातला दोष आशियाई लोकांत बराच दिसतो आणि तो असेल तर पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. तरुण मुलांमध्ये ही जोडी दीर्घकाळ देताना एका दुर्मीळ लिम्फोमाचाही (एक प्रकारच्या कॅन्सरचा) विचार करावा लागतो.

काही जणांपुढे निवड नसतेच. गुदद्वाराजवळ फिस्टुला (भगंदर) असेल तर आधी तिथला पू काढून इन्फ्लिक्सिमॅबकडेच जातात. सूज मोठ्या आतड्यात पसरलेली असेल तर 'तेवढा तुकडा' उरतच नाही. लहान मुलांत सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रव आहार हा पहिला उपाय असतो. उलट आतडं घट्ट आक्रसून मागचा भाग फुगलेला दिसत असेल, तर बायोलॉजिकवर वर्ष घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

उरतात ते मधले: छोटा भाग, नुसती सूज. दर आठ आठवड्यांनी शहर गाठणं जमण्यासारखं नाही, विमा नाही, वजन बरं आहे, अशा माणसाने सर्जनची भेट आत्ताच घ्यावी. विमा आहे, डे-केअर जवळ आहे आणि चाकूची धास्ती खरी आहे, त्याने इंजेक्शन निवडावं आणि मल तपासणीतलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) नियमित बघावं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे मात्र दोन्हीकडचे हिशेब कोसळतात. तिच्यामुळे आजार औषधालाही कमी दाद देतो आणि जोडावरही लवकर परततो, त्यामुळे तारीख ठरवायच्या आधी ती सोडायला लागायचं.