कुंडीतलं ख्रिसमस ट्री, नाताळपासून पावसाळ्यापर्यंत

प्लास्टिकचं घ्यावं की जिवंत, असं विचारणाऱ्यांना आता माझं उत्तर ठरलंय. गॅलरीत सकाळचं दोन-तीन तास ऊन येत असेल तर जिवंत घ्या, नाहीतर सरळ प्लास्टिकचं आणा आणि खुशाल राहा. मागच्या डिसेंबरात आणलेलं आमचं झाड वसईचा उन्हाळा आणि पावसाळा काढून हिरवंगार उभं आहे, शेंड्याशी फांद्यांचा नवा मजलाही आलाय.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून काहीही विकतात. मोरपंखी दाट असते, पण तिच्यावर काही टांगायला जागाच नसते. मागायचं ते ॲराकेरिया. युरोपातल्या फर-स्प्रूसला आपली हवा सोसणार नाही. ॲराकेरिया मूळचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटाकडचं, त्यामुळे खारा वारा त्याला नवा नाही. खोडाभोवती ठरावीक अंतरावर चार-पाच फांद्यांचं एकेक चक्र, मध्ये मोकळी जागा. सजावटीला ही मोकळी जागाच उपयोगी पडते.

पण फांद्या नाजूक असतात. पितळी घंटा किंवा काचेचा मोठा गोळा टोकाला लावला की फांदी वाकते, आणि आठवडाभर तशीच राहिली तर वाकडीच होऊन बसते. जड वस्तू खोडाजवळ आणि हलक्या टोकाला, एवढं पाळलं की झालं. रेशमी दोरा गुंडाळलेले थर्मोकोलचे गोळे, कागदी चांदण्या, नाड्याच्या गाठी यांवर हे झाड खुलतं. दुकानात मिळणारा भरगच्च सेट आणून सगळा चढवायचा असेल तर त्याला प्लास्टिकच हवं, तारेच्या फांद्या वाटेल ते पेलतात.

सगळ्यात मोठा प्रश्न वरच्या ताऱ्याचा. या झाडाचा शेंडा कोवळा असतो आणि तो मोडला की झाडाचा घाटच बिघडतो, कारण बाजूची फांदी सहसा सरळ वर जाऊन त्याची जागा घेत नाही. म्हणून बांबूची बारीक कामटी खोडालगत मातीत खोचली, तिला दोन ठिकाणी सुतळीने सैल बांधलं आणि तारा कामटीवर बसवला. समोरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

लायटिंग एलईडीचंच घ्या. जुने मिणमिणते बल्ब तापतात आणि पानं करपवतात. आम्ही तांब्याच्या बारीक तारेची माळ घेतली. वजन जवळजवळ नाही, खालून वर गुंडाळत नेली की तार दिसतही नाही. उतरवताना मात्र संयम लागतो, ती पानांच्या खवल्यांत अडकते. कापसाच्या बर्फाचं तर नावच नको! भाचरांनी हौसेने पसरलेला कापूस मी फेब्रुवारीपर्यंत चिमट्याने वेचत होते. चमकी आणि स्प्रेही नको, त्याखाली पानं गुदमरतात.

आमच्या आईच्या वेळी सुरूची फांदी वाळूच्या डब्यात रोवत. दिसायची झकास, पण नाताळ सरेपर्यंत तिचा निम्मा कचरा येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या पेंढ्यावर पडलेला असायचा. या बाबतीत कुंडीतलं झाड फार गुणी. नाताळच्या आठवडाभर आधी घरात घेतलं आणि तीन राजांचा सण (६ जानेवारी) झाल्यावर गॅलरीत परत. त्याहून जास्त दिवस आत ठेवू नये. पंखा आणि एसीच्या कोरड्या हवेत खालच्या फांद्या तपकिरी पडतात आणि गेलेल्या फांदीच्या जागी नवी येत नाही. बाहेर नेतानाही एकदम कडक उन्हात नको, काही दिवस सावलीतून.

नर्सरीतून येताना मुळांशी चिकट लाल मातीचा गोळा असतो. त्यात पाणी वरच्या वर राहतं आणि आतली मुळं कोरडी. आम्ही तो हलक्या हाताने थोडा सैल करून शेणखत आणि वाळू मिसळलेल्या मातीत लावलं. पाणी वरची माती सुकल्यावरच. कुंडी अधूनमधून फिरवत राहायची, नाहीतर झाड उजेडाकडे कलतं. एप्रिलमध्ये पिठ्या ढेकूण लागले होते, नीमतेलाच्या दोन-तीन फवारण्यांत गेले. पावसात वाऱ्याने कुंडी आडवी होऊ नये म्हणून ग्रीलला बांधली, बाकी काही करावं लागलं नाही.

एक सूचना बंगलेवाल्यांना. कौतुकाने ते अंगणात लावायचं असेल तर भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावा. जमीन मिळाली की ते काही मजल्यांच्या वर जातं, मग शेंड्यावर नाताळचा तारा चढवायला शिडीही पुरत नाही. आमचं कुंडीतच राहणार. यंदा त्याची उंची वाढलीय, त्यामुळे जुनी कामटी तोकडी पडेल आणि माळही थोडी लांब आणावी लागेल.